मंजुळा आणि वेताळ टेकडी

पुण्यात वीस वर्षे काढूनही वेताळ टेकडीशी माझा संबंध लांबून दिसणाऱ्या तिच्या पाठीपुरताच होता. समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फुटांवरच्या त्या माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे, मोर आहेत आणि पहाटे पाचापासून पेन्शनर आहेत, एवढे ऐकून होतो. मला तिथे ओढून नेले ते मंजुळेने. अगदी शब्दशः ओढून.

मंजुळा ही आमची डाल्मेशियन कुत्री. पांढऱ्या अंगावर दौत लवंडावी तसे ठिपके. नऊ आठवड्यांची असताना घरी आली आणि तिच्या बारीक कुईकुईवर खूश होऊन मुलीने हे नाव ठेवले. दोनच आठवड्यांनी दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आळीतली झाडून सारी कुत्री पलंगाखाली नाहीतर मोटारीखाली दडलेली. आमची मात्र दारात पाय ताणून झोपलेली! सुतळी बॉम्बने माझ्या हातातले तबक पडले, पण हिच्या कानाची पाळीसुद्धा हलली नाही. "केवढी धीट हो!" शेजारच्या वहिनी म्हणाल्या. दोन दिवस आम्ही त्या धिटाईचे श्रेय घरच्या संस्कारांना देत हिंडलो.

भाऊबीज झाल्यावर डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा आपटला. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "सर, हिला ऐकूच येत नाही." या जातीत हे नवलाचे नाही. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानात पोहोचल्या नाहीत, की जन्मानंतर काही आठवड्यांतच तिथली ऐकण्याची यंत्रणा मरून जाते. एकच कान गेला तर मालकाला पुष्कळदा पत्ताही लागत नाही. हिचे दोन्ही गेले होते. ज्या गृहस्थाकडून ती आणली, त्याने फोनवर पिल्लू बदलून देण्याची तयारी दाखवली. "आणि हिचे काय करणार?" मी विचारले. "ते आम्ही बघू." त्या 'बघू'चा अर्थ मराठीच्या प्राध्यापकाला न कळण्याइतका गहन नव्हता. सौभाग्यवतींनी फोन माझ्या हातून घेतला आणि बंद केला.

डॉक्टरांनी बजावले, पिल्लाची जगाशी ओळख व्हायचा खरा काळ तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत. तो सरत आला आहे. लसी पुऱ्या झाल्या नव्हत्या, म्हणून जमिनीवर सोडायचे नाही. तेव्हा मी तिला भाजीच्या पिशवीत घालून कोथरूडच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी उभा राहू लागलो. येणाराजाणारा पिशवीत डोकावे. त्यात माझे विद्यार्थीही असत. त्यांच्या तोंडावरचा भाव सांगण्याजोगा नाही.

मग खुणा. तळहात वर केला की बस. अंगठा वर म्हणजे शाब्बास. दोन्ही हात पसरले की ये. पण खूण दिसायला तिने आधी माझ्याकडे पाहायला हवे! म्हणून सहा महिने एकच धडा चालला. तिने आपणहून मागे वळून पाहिले, की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. (आमच्या घरात अंडे प्रथम शिजले ते मंजुळेसाठी.) झोपेतून उठवायचे तर नाकाशी हात, मग खांद्याला हलका स्पर्श आणि लगेच खाऊ, नाहीतर दचकून चावायची.

इतर कुत्र्यांशी गाठ घालणे अधिक अवघड. गुरगुरणे हा कुत्र्यांचा इशारा, आणि तोच हिला पोहोचत नाही. एका पेन्शनर काकांचा म्हातारा लॅब्राडोर तिला लाभला. त्याने चारदोनदा गुरगुरून पाहिले, मग सरळ तिच्या मानेवर पंजा ठेवून उभा राहिला. तेव्हापासून ताठ शेपटी आणि मुडपलेले ओठ ती वाचू लागली.

पुढल्या श्रावणात टेकडी हिरवीगार होती आणि खाणीत पाणी साचले होते. खाणीच्या कडेपासून थोड्या अंतरावर समोरून मोर उठला, साखळीचा हूक निसटला आणि मंजुळा सुटली, सरळ कड्याच्या दिशेने. मी ओरडलो. वीस वर्षे शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवलेला आवाज! टेकडीवरचे सारे पेन्शनर वळले. तेवढी मंजुळा सोडून. घसा कोरडा पडला तेव्हा सुचले, आणि मी दोन्ही हात पसरून नुसता उभा राहिलो. कड्यापासून आठ-दहा पावलांवर तिने नेहमीच्या सवयीने मागे वळून पाहिले.

ती आली, तेव्हा मी खडकावर बसलो होतो. पाय उभे राहू देत नव्हते.

"सर, ओरडत कशाला होता?" काका म्हणाले.

"सवय," मी म्हणालो.

खिसा चाचपला. अंड्याची डबी घरीच राहिली होती. मी अंगठा वर केला. मंजुळा बराच वेळ त्या अंगठ्याकडे आणि माझ्या खिशाकडे आळीपाळीने पाहत राहिली.