पेल्यावरचें नांव

एका पेल्यास तीनशें रुपये मोजून कॉफी पिणारा मनुष्य मूर्ख तरी असला पाहिजे किंवा सावकार तरी, असें आमचे एक स्नेही नेहमीं म्हणतात. हे गृहस्थ गणिताचे प्राध्यापक असल्यामुळें त्यांचें म्हणणें खोडावयाचें तर आंकडेच हवेत, आणि खरें सांगावयाचें तर आंकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. एकाच नांवाच्या शाखा गांवोगांव उघडणाऱ्या नव्या कॉफीगृहांत एका पेल्यास सुमारें १८ ग्रॅम पूड लागते. उत्तम बियांचा भाव किलोस दीड हजार रुपये धरला तरी ही पूड २७ रुपयांची झाली. दूध चौदा-पंधरा रुपयांचें. साखर आणि कागदी पेला मिळून आणखी चार-पांच रुपये. पन्नासाच्या आंत सारा मामला आटोपला. मग उरलेले अडीचशें रुपये आपण कोणत्या मालाबद्दल दिले?

आमच्या मतें ते खुर्चीबद्दल दिले. हमरस्त्यावरील जागेचें भाडें, आंत खेळणारी थंडगार हवा आणि मुख्य म्हणजे ‘आतां उठा’ असें न सांगण्याचा अलिखित करार, यांची ती किंमत आहे. दोन तास बसून प्रबंधाचें एक प्रकरण तपासणाऱ्यास ती फारशी जड नाहीं. उभ्याउभ्या पेला घेऊन चालूं लागणाऱ्यास मात्र ती निखालस भुर्दंड आहे. एकच पेला एकास स्वस्त आणि दुसऱ्यास महाग पडतो तो असा. आमचे स्नेही दुसऱ्या वर्गांतले. त्यांना घरीं जाण्याची नेहमींच घाई असते.

खुर्ची विकण्याचा हा धंदा कांहीं आजचा नव्हे. लंडनमधील पहिलें कॉफीगृह १६५२ सालीं उघडलें आणि पुढें शंभर वर्षें त्या शहराचें अर्धें बौद्धिक जीवन अशाच जागांतून चाललें. एक पेनी टाकावी, पेला घ्यावा, वर्तमानपत्रें वाचावीं, वाद घालावा; म्हणून लोक त्यांना पेनीचीं विश्वविद्यालयें म्हणत. एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहांत जमणाऱ्या जहाजवाल्या गिऱ्हाइकांतून विम्याची केवढी प्रचंड संस्था उभी राहिली हें सर्वश्रुत आहे. ‘स्पेक्टेटर’ शिकवितांना आम्ही वर्गांत हें रंगवून सांगतों, तेव्हां मुलें जांभया देतात, आणि तास संपतांच तींच मुलें अशा एखाद्या दुकानाकडे वळतात.

आपल्याकडेही खुर्ची मिळत असे. डेक्कन जिमखान्यावरील १९३५ सालच्या गुडलकमध्यें एका चहावर किती पिढ्यांनीं किती मासिकें काढलीं आणि बुडविलीं, याचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं. त्याच सुमारास, १९३६ सालीं, कॉफीचा खप वाढावा म्हणून मुंबईस इंडिया कॉफी हाउस निघालें आणि त्याच्या शाखा देशभर झाल्या. पुढें कॉफी बोर्डानें तीं बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां ए. के. गोपालन यांच्या पुढारीपणाखालीं कामगारांनीं स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. त्यांतली पहिली १९५७ सालीं बंगळूरास स्थापन झाली. या गृहांतून फेटा बांधलेला जो इसम आपल्यापुढें पेला आणून ठेवतो तो दुकानाचा भागीदार असतो. म्हणूनच कीं काय, तो घाई करीत नाहीं आणि फार अजीजीही करीत नाहीं. कॉलेज स्ट्रीटवरील कलकत्त्याच्या कॉफी हाउसांत आम्हीं एकदां पाऊण तास त्याची वाट पाहिली. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. कॉफी मात्र बेताचीच होती.

नव्या गृहांत वाढपी नाहीं. आपणच रांगेंत उभें राहावें, आधीं पैसे द्यावे आणि मागाहून आपला पेला आपणच उचलून आणावा. फलकावरील एका लहान पेल्यास स्टारबक्स ‘टॉल’ म्हणजे उंच म्हणते, आणि ‘व्हेंटी’ हा शब्द इटालियन भाषेंत नुसता ‘वीस’; वीस औंसांचा पेला, एवढाच त्याचा अर्थ. इतकें करून सेवा कसली, तर दारांतून आंत येतांच होणारें सुहास्य स्वागत. हें हास्य शिकविलेलें असतें, यांत सत्याचा अंश नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण आमचा जन्म पुण्यांतला. उत्स्फूर्त, अंतःकरणापासून आलेला तुसडेपणा आम्हीं दुकानोदुकानीं पुष्कळ अनुभविला आहे. त्यापुढें पाठ केलेलें सौजन्य आम्हांस तरी पथ्यकर वाटतें.

तेथील आणखी एक चाल अशी कीं, पैसे घेतांना मुलगा नांव विचारतो, पेल्यावर लिहितो आणि कॉफी झाली कीं मोठ्यानें हाक मारतो. आमच्या नांवाचीं त्यांनीं आजवर चार-पांच रूपें केलीं आहेत. गणिती स्नेह्यांस हा सारा पोरकटपणा वाटतो. आम्हांसही तसेंच वाटत होतें; पण आमच्या एका विद्यार्थ्यामुळें त्याची दुसरी बाजू आमच्या ध्यानांत आली.

हा मुलगा मराठवाड्यांतील एका लहान खेड्याचा. आमच्याकडे पीएच्. डी. चें काम करतो. त्याची शिष्यवृत्ति कित्येक महिने रखडते. पण ती हातीं आली कीं तो एकदां तरी अशा दुकानांत जाऊन एक कॉफी पितो. विभागांत या उधळपट्टीची कुजबूज होती. आम्हीं सहज विषय काढला, तेव्हां तो म्हणाला, “सर, आमच्या आजोबांचा कप गावच्या हाटेलात बाहेरच्या कोनाड्यात असायचा. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की विसळून तिथंच ठेवायचा. इथं माझं नाव विचारतात, कपावर लिहितात, आणि सगळ्यांसमोर ‘सर’ म्हणून हाक मारतात. आडनाव कुणी विचारत नाही.”

शेवटचें वाक्य आम्हांस विशेष लागलें. महाराष्ट्रांत नांवाच्या पाठोपाठ आडनांव विचारलें जातें, आणि त्यावरून उलगडा न झाल्यास ‘मूळ गांव कोणतें?’ हा तिसरा प्रश्न येतो. भाड्याची खोली शोधतांना, आगगाडींत, लग्नाच्या मांडवांत ही प्रश्नमालिका न ऐकलेला मनुष्य विरळा. याच पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमधील चहावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्याचा प्रसंग आला आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. पेल्यांत काय होतें याची ती चौकशी नव्हती. पेला कोणाच्या हातचा, याची होती. त्या शहरांत एक परका व्यापारी केवळ नांव विचारून थांबतो. त्याला समतेची चाड असते असें नव्हे. त्याला घाई असते आणि मागें रांग असते. तरीही आमच्या विद्यार्थ्यास जें मिळतें तें खरेंच मिळतें. त्याची किंमत अडीचशें रुपये अधिक कीं उणी, हें ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे; निदान गणिताच्या प्राध्यापकांचा नाहीं.

मात्र ज्याच्यापाशीं ते तीनशें रुपये नाहींत, त्याला तेथें नांवही नाहीं. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें एप्रिल २०१८ मध्यें, कांहीं विकत न घेतां मित्राची वाट पाहत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांस स्टारबक्सच्या दुकानांत पोलिसांनीं पकडलें. मोठा गहजब झाला. कंपनीनें क्षमा मागितली, नोकरांच्या शिक्षणासाठीं एक दुपार आपलीं आठ हजार दुकानें बंद ठेविलीं, आणि यापुढें कोणींही न घेतांही बसावें असें जाहीर केलें. जानेवारी २०२५ मध्यें तिनें तेथील ही मुभा परत घेतली. खुर्चीचा हिशेब शेवटीं कोणाला तरी द्यावाच लागतो, हें आम्ही जाणतों.

गेल्या श्रावणांत आपल्याच शहरांतील एका अशा दुकानांत आम्ही बसलों होतों. नांव सांगण्याचें कारण नाहीं. घरपोंच खाद्यपदार्थ नेणारा एक तरुण निथळत्या अंगानें आंत आला. गल्ल्यावरच्या मुलानें त्याला नम्रपणेंच बाहेर छपराखालीं थांबावयास सांगितलें. ‘वरून तसें सांगितलें आहे’ असेंही तो खालच्या आवाजांत म्हणाला. आमच्या समोरची खुर्ची रिकामी होती. आम्हीं त्या तरुणास खूण करून बसावयास सांगितलें. गल्ल्यावरचा मुलगा कांहीं बोलला नाहीं, पण त्याचें हास्य मावळलें. तरुण खुर्चीच्या अगदीं कडेला टेकला, ओल्या कपड्यांनीं गादी खराब होईल म्हणाला. कॉफी घेणार का, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यानें हातांतल्या फोनकडे पाहिलें. पोंचविण्याच्या वेळेपैकीं अकरा मिनिटें उरलीं होतीं. इतक्यांत आंतून पुकारा झाला. नांवाचा नव्हे, चार आंकडी क्रमांकाचा. तो उठला, पिशवी घेतली आणि पावसांत निघून गेला. पिशवीवर दुसऱ्याच कोणाचें नांव ठळक अक्षरांत छापलेलें होतें.