त्वचेखालचे निरोप

बुडापेस्ट, १९६७. एन्ड्रे मेस्टर उंदरांच्या पाठीचे केस भादरून त्यावर मंद रुबी लेझर सोडत होते. लेझरने कर्करोग होतो का, हे त्यांना पाहायचं होतं. कर्करोग झाला नाही. उलट लेझर दिलेल्या उंदरांना केस लवकर आले. प्रकाशाने पेशी न जाळता तिला कामाला लावता येतं, ही कल्पना तिथून रुजली.

त्वचा घट्ट करणारी आजची बहुतेक यंत्रं मात्र उष्णतेवर चालतात. रेडिओफ्रीक्वेन्सीत ऊतींच्या विद्युतरोधामुळे आतच उष्णता तयार होते. केंद्रित अल्ट्रासाउंड त्वचेखाली साडेचार मिलिमीटरपर्यंत बारीक बिंदू साठ अंशांच्या वर तापवतो. त्वचेला आधार देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचा पीळ सुटून ते आकसतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं: दुखावलेल्या पेशी टीजीएफ-बीटासारखी रसायनं सोडतात, फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी ती ओळखतात आणि नवं कोलॅजेन विणायला घेतात. याला महिने लागतात. पहिल्या आठवड्यातल्या फोटोतला ताठपणा बराचसा सुजेचा असतो. तो फोटो दाखवून पुढचं पॅकेज विकणं मला गैर वाटतं.

२००४ मध्ये मॅनस्टीन आणि अँडरसन यांनी लेझरचा झोत केसाएवढ्या बारीक खांबांत वाटला. दोन खांबांमधली त्वचा शाबूत राहते आणि तिथल्याच पेशी सरकून जखम बुजवतात. किती जाळायचं यापेक्षा किती शिल्लक ठेवायचं, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

पेशी फक्त रसायनांतून बोलत नाहीत. मिशिगन विद्यापीठातल्या फिशर, व्हूरहीस यांच्या गटाचं काम मी पुन्हा पुन्हा वाचतो. फायब्रोब्लास्ट कोलॅजेनच्या तंतूंना धरून ताणलेली असते, तंबूचं कापड दोऱ्यांवर ताणलेलं असतं तशी. वयाने आणि उन्हाने तंतू तुटतात. पकड सुटली की पेशी आक्रसते, कोलॅजेन कमी बनवते आणि ते तोडणारी विकरं जास्त सोडते. त्याने आणखी तंतू तुटतात. पण वृद्धांच्या त्वचेत फिलर टोचून आधार दिल्यावर त्याच पेशी पुन्हा ताणल्या गेल्या आणि कोलॅजेन बनवू लागल्या. म्हणजे त्यांची क्षमता संपलेली नव्हती, आधार गेला होता.

पेशींच्या निरोपांचा आणखी एक प्रकार म्हणजे एक्झोसोम: पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, आत प्रथिनं आणि आरएनए. लेझरनंतर यांचं सीरम चोळायची सध्या लाट आहे. संशोधन आशादायक आहे, पण अमेरिकेच्या एफडीएने एकाही एक्झोसोम उत्पादनाला उपचार म्हणून मान्यता दिलेली नाही. बाटलीतले निरोप कोणत्या पेशींचे, हे विचारायलाच हवं.

त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांची १९७५ ची त्वचेची वर्गवारी गोऱ्या त्वचेपुरती होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. आपल्याकडे त्वचेच्या रंगाचा हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. मेलॅनिन प्रकाश शोषतं, त्यामुळे गोऱ्या त्वचेला मानवलेली मात्रा आपल्या त्वचेवर महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग ठेवू शकते. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर मेलॅनिनमध्ये कमी अडकतो, म्हणून सावळ्या त्वचेला तुलनेने सुरक्षित. तरीही आधी कानामागे छोटी चाचणी घ्यावी, काही आठवडे थांबावं. कोकणातून उन्हात रापून आलेल्याला तर रंग उतरेपर्यंत परत पाठवावं, मग त्याचं लग्न पुढच्या आठवड्यात का असेना.