धूर कोण्या रंगाचा?

डिझेल गाडी सकाळी सुरू होत नसली की आमच्याकडे पहिला आळ थंडीवर जातो, दुसरा बॅटरीवर. माझ्या पिकअपच्या बाबतीतही तेच झालं. आंबिया बहाराची संत्री जोरात होती. काटोलकडच्या बागांतून संध्याकाळी माल भरायचा आणि पहाटे निघून लिलावाआधी नागपूरला कळमन्याच्या यार्डात गाडी लावायची, हा माझा हंगामाचा धंदा. साठेक किलोमीटरचा रस्ता, अवघड काहीच नाही. पण रात्रभर उभी राहिलेली गाडी पहाटे सेल्फ मारला की नुसती घरघरायची. फार वेळानं पेटली तर अंग थरथरवत, एखादा सिलिंडर सोडत, पांढरा धूर ओकत चालायची, आणि मिनिटभरात जणू काही झालंच नाही अशी सुरळीत व्हायची. मग दिवसभर तक्रार नाही.

गाडीत माल शेतकऱ्याचा असतो. उशीर माझ्या इंजिनानं करायचा आणि भाव त्याचा पडायचा, हे मला सहन होत नव्हतं.

थंडीचं कारण मला पटत नव्हतं. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. त्या पहाटेही हीच गाडी लगेच सुरू झाली होती. मग आता दहा-बारा अंशांत तिला काय झालं? एका दुकानानं बॅटरी बदलायला सांगितलं, दुसऱ्यानं थेट पंप आणि नोझल उतरवायला. पंप-नोझलचं काम म्हणजे हंगामाच्या कमाईचा मोठा तुकडा. म्हणून यार्डाकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही.

“पयले सांगा भाऊ, सेल्फ मारल्यावर इंजिन जोरानं फिरते का हळू?”

“जोरानं.”

“अन् धूर कोण्या रंगाचा येते?”

“फिरताना धूरच येत नाही. पेटल्यावर पांढरा येते.”

“मंग बॅटरीले कायले दोष देता?”

एवढ्या तीन वाक्यांत अर्धं निदान झालं होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण 18 पट दाबली जाते, त्या दाबानं ती 500 अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. बॅटरी अशक्त असेल, अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तर इंजिन हळू फिरतं आणि हवा पुरेशी तापत नाही. माझं तर जोरात फिरत होतं. फिरताना पांढरा धूर आला असता तर डिझेल आत पोचतंय पण जळत नाही असं कळलं असतं. मग उष्णता, कॉम्प्रेशन, नोझलचा फवारा हे बघायचं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. धूरच नाही, याचा अर्थ डिझेलच पोचत नाही.

हीटर, म्हणजे ग्लो प्लग, तपासू का, असंही मी विचारलं. मिस्त्री 1980 च्या दशकातल्या महिंद्रा जीपवर काम शिकलेले. त्यातल्या प्यूजोच्या डिझेल इंजिनात डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटायचं, त्याच्या भिंती उष्णता खाऊन टाकायच्या, म्हणून थंडीत हीटर दिल्याशिवाय ते हलायचं नाही. तेव्हापासून हीटर हा शब्द ड्रायव्हर लोकांच्या तोंडी बसला. माझ्या गाडीत डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारलं जातं. अशा इंजिनाला आपल्याकडच्या थंडीत हीटरची तेवढी गरज पडत नाही.

“गाडी रातभर ठेवून जा. थंडी झाल्याबिगर ते खरं नाही सांगत.”

मला हे फार आवडलं. बिघाड जेव्हा असतो तेव्हाच तो बघायचा. दुपारी गरम इंजिन उघडून कितीही शोधलं असतं तरी काही सापडलं नसतं.

पहाटे गेलो तेव्हा त्यांनी सेल्फ मारू दिला नाही. फिल्टरच्या डोक्यावरचा हँडपंप दाबायला लावला. पहिले कितीतरी दाब पोकळ गेले, मग हळूहळू तो कडक झाला. त्यानंतर सेल्फ मारला तर गाडी लगेच पेटली. म्हणजे रात्रीतून लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत जात होतं आणि त्याची जागा हवा घेत होती. गाडी एअर घेत होती.

पण कुठून? खाली एक थेंबही सांडलेला नव्हता. इथेच बहुतेक जण फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. रसवंतीत नळीला भोक असलं की रस बाहेर गळत नाही, तोंडात हवा येते, तसंच हे. पंपाच्या पुढे गळती असेल तर डिझेल दिसतं, मागे असेल तर काहीच दिसत नाही.

मिस्त्रींनी फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा लावला. इंजिन चालू असताना त्यातून बारीक बुडबुडे धावत होते. मग टाकीकडची लाइन सोडून त्यांनी नळी डिझेलच्या कॅनमध्ये बुडवली. थोड्या वेळात बुडबुडे बंद. पंप सुटला, फिल्टर सुटला, नोझल तर कधीच सुटले होते. दोष टाकी आणि पंप यांच्या मधेच. चेसीसच्या कडेनं हात फिरवत ते गेले आणि लोखंडी पाइपला रबरी पाइप जिथे जोडतो तिथे, क्लॅम्पच्या खाली, रबर तडकलेलं सापडलं. उन्हानं कडक झालेलं रबर थंडीत आणखी आक्रसतं आणि जोड ढिला पडतो. थंडीचा हात होता तो एवढाच.

वीतभर डिझेल पाइप, दोन क्लॅम्प, शिवाय फिल्टरच्या तळाचं साचलेलं पाणी सोडून दिलं. पंप-नोझलच्या मानानं हा सगळा खर्च किरकोळ होता. मिस्त्रींनी मजुरी मागितली त्याहून मी जास्त दिली, कारण त्यांनी मला न लागणारं काहीच विकलं नव्हतं.

नंतर यार्डात एका ड्रायव्हर भावाची नवी गाडी अशीच अडली. ती कॉमन रेलची. तिथे रेलमध्ये पुरेसा दाब जमल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही, म्हणून स्कॅनर लावावा लागतो. स्कॅनरवर दाब हळूहळू चढताना दिसला की अनेक जण हाय प्रेशर पंपाला हात घालतात, आणि तो पंप फार महाग. मी त्याला म्हटलं, आधी पारदर्शक नळी लावून पाहा आणि रात्रभर गाडी उभी ठेव. त्याच्याकडे फिल्टरच्या झाकणाचं रबरी सील गेलेलं निघालं.