जांभळा

सोमवारी कॅफेटेरियात नेहमीचा प्रश्न आला, वीकेंडला काय केलंस? म्हटलं, "छिन्नीला पाणी दिलं." टेबलावर पाच जण, त्यातले चौघे मेकॅनिकलचे (आमच्याकडे कोड लिहिणारे निम्मे लोक मेकॅनिकलचेच आहेत, असो), पण एकालाही कळलं नाही. मग 'हार्डनिंग-टेंपरिंग' म्हणालो. तेव्हा सगळ्यांना आयर्न-कार्बन डायग्राम आठवला, आणि तो पाठ करून कसे पास झालो यावर गाडी गेली.

अण्णांचं कोल्हापूरला उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. 2021 मध्ये बंद केलं. मशिनं विकली, पण भट्टी आणि ऐरण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवली. ओळखीचे फिटर, गवंडी अजून छिन्न्या घेऊन येतात. अण्णा पैसे घेत नाहीत, चहा पाजून पाठवतात.

गेल्या महिन्यात आईचा फोन. आवाज दबका. "तीन छिन्न्या परत आल्या रे. धार वळली म्हणे. ते सळीला शिव्या देत बसलेत."

छिन्नीचं पाणी उतरलं असं अण्णांना तोंडावर सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. शनिवारी गेलो.

ज्यांनी डायग्राम फक्त पाठ केला त्यांच्यासाठी थोडं. छिन्नीच्या पोलादात साधारण 0.8 टक्के कार्बन असतो. 727 अंशांच्या वर तापवलं की आतली रचना बदलते, ऑस्टेनाइट होतं, आणि कार्बन त्यात विरघळतो. झटकन पाण्यात बुडवलं तर त्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकतो, लोखंडाची जाळी ताणली जाते, हे मार्टेन्साइट. कानस घासली तर घसरते इतकं कडक. पण ठिसूळही तितकंच. अशी छिन्नी हातोड्याखाली घेतली तर धारेचा कपचा उडतो. अण्णांच्या उजव्या दंडात असा एक कपचा घुसला होता, त्याचा व्रण अजून आहे. "मऊ छिन्नी नुसती वाकते, कडक छिन्नी डोळा घेते," हे मी लहानपणापासून ऐकतोय.

म्हणून टेंपरिंग. अण्णांची पद्धत अशी: टोकाकडचे दोनेक इंच डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल करायचे, त्यातला पुढचा इंचभरच पाण्यात, तोही वर-खाली हलवत. एकाच जागी धरला तर पाण्याच्या रेषेवर तडा जातो. बाहेर काढून पॉलिश पेपरने टोक चकचकीत करायचं आणि बघत राहायचं. मागच्या भागात उरलेली उष्णता धारेकडे सरकते आणि तिच्याबरोबर रंग चालत येतात. आधी गवती पिवळा, साधारण 220 अंश. मग तपकिरी. मग जांभळा, 280 च्या आसपास. मागून निळा. ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जसे रंग दिसतात तसाच हा ऑक्साइडच्या पातळ थराचा खेळ. धारेवर जांभळा आला की अख्खी छिन्नी पाण्यात. पिवळ्या आणि निळ्यात मोजून काही सेकंद असतात. थर्मामीटर वगैरे काही नाही, फक्त डोळे.

तेच डोळे. अण्णा अडुसष्टचे आहेत.

पहिली छिन्नी पाण्यातून निघाली, चकचकीत झाली. मी शेजारी उभा. पिवळा सरकला, तपकिरी आला, जांभळा आला. अण्णा हलले नाहीत. माझ्या तोंडापर्यंत शब्द आला होता, पण चाळीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? म्हटलं, काहीतरी हिशोब असेल. धार निळी झाली. मग त्यांनी बुडवली.

"बरोबर तपकिरीवरनं जांभळ्यात जाताना धरली," ते म्हणाले.

मी कानस घासली. कानस धरली, कीस निघाला. अण्णांनी माझ्या हातातून कानस घेतली, स्वतः घासली. काही बोलले नाहीत.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळे-जांभळे रंग मळकट दिसतात, हे मला माहीत होतं. वाचलं होतं. अण्णांच्या बाबतीत डोक्यातच आलं नाही.

तीच छिन्नी त्यांनी पुन्हा भट्टीत घातली. पंखा मी फिरवला. लाल झाली, पाण्यात गेली, चकचकीत झाली. यावेळी ते छिन्नीकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"पिवळा," मी म्हणालो. "तपकिरी... जांभळा! जांभळा!"

चर्र झालं. कानस जेमतेम ओरखडा काढून घसरली.

अण्णांनी छिन्नी फडक्याने पुसली, धारेवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "मघाशी दिसला होता तुला?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी दुसरी छिन्नी निखाऱ्यात सरकवली आणि म्हणाले, "पंखा मार."

दोन झाल्या, एक राहिलीय. या शनिवारी पुन्हा जातोय. सोमवारची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवलीय. आईला माहीत आहे. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.