शून्य वेगाचा प्रवास

नववीत शिकणाऱ्या नातीने परवा एक उदाहरण माझ्यापुढे ठेवले. एक मोटार १२० किलोमीटर अंतर ताशी ४० किलोमीटर चालीने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर चालीने परत येते. तर तिची सरासरी चाल किती? क्षणाचाही विलंब न लावता मी ‘५०’ असे सांगितले. ती हसली. ‘‘आजोबा, जायला तीन तास लागले आणि यायला दोन. २४० भागिले ५, म्हणजे ४८.’’ याच चुकीसाठी शाळेत मी फळ्यापाशी उभा राहिलो होतो. पन्नास वर्षांत माझ्यात काही सुधारणा झाली नव्हती, एवढाच याचा अर्थ.

चूक कोठे होते, हे समजून घेण्यासारखे आहे. आपण दोन चालींचा मध्य काढून मोकळे होतो. परंतु येथे सरासरी ठरते ती काळाने. मोटार मंद चालीत अधिक वेळ असते, म्हणून मंदपणाचे वजन अधिक पडते.

पुढचा प्रश्न अधिक कठोर होता. याच मोटारीचा सरासरी वेग किती? नातीने निर्विकारपणे शून्य मांडले. वेगाच्या हिशेबात कापलेले अंतर धरत नाहीत, विस्थापन धरतात: आरंभबिंदूपासून अंत्यबिंदूपर्यंतचे, दिशेसह मोजलेले सरळ अंतर. मोटार निघाली होती तेथेच परतली. विस्थापन शून्य, म्हणून वेगही शून्य. उत्तर निर्दोष होते. अस्वस्थ झालो तो मी.

सुमारे तीस वर्षांपूर्वी एका कवीच्या समग्र कवितेवर मी लेख लिहिला होता. त्यांचा आरंभ ओवीच्या वळणाने झाला. पुढे ते शहरात आले, मुक्तछंदात रमले. मग अकरा वर्षे त्यांनी काहीच लिहिले नाही. आणि अखेरीस ते पुन्हा ओवीकडे वळले. कवी जेथून निघाला तेथेच परतला, सबब हा प्रवास झालाच नाही, असा निर्णय मी दिला. त्या वेळी मला तो मोठा नेमका वाटला होता. काही दिवसांनी त्यांचे पोस्टकार्ड आले. ‘आपण म्हणता ते खरे आहे. परत आलो. पण वाट लांबची होती.’ मी उत्तर पाठविले नाही. पुढे ते वारले, आणि उत्तर राहूनच गेले.

आज ध्यानात येते की नातीच्या उदाहरणातील दोन्ही चुका मी त्या एकाच लेखात केल्या होत्या. अकरा वर्षांचे मौन मी कोरी जागा म्हणून वगळले. वास्तविक सर्वांत मंद गतीच्या त्या टप्प्यातच त्यांचा अधिक काळ गेला होता. आणि आरंभ व अंत हे दोनच बिंदू पाहून मी शून्य मांडले. मधला रस्ता विचारातच घेतला नाही.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या दिवसभराच्या गतीहून त्याची त्या क्षणाची, तात्कालिक, गती वेगळी मानली आहे. चंद्राची गती सतत पालटत असते, म्हणून त्याच्या बाबतीत तात्कालिक गतीला त्यांनी विशेष महत्त्व दिले. गणितज्ञाने चंद्राविषयी दाखविलेली ही दक्षता समीक्षकाने कवीविषयी दाखवू नये, याचे मला आता नवल वाटते.

सरासरीचा यात दोष नाही. तिला जे विचारावे, तेवढ्याचेच ती उत्तर देते. शून्य वेग म्हणजे शून्य प्रवास, असे तिने कधी म्हटले नव्हते. ते मी म्हटले.

त्या रात्री मी तो संग्रह पुन्हा काढला. पहिल्या ओवीत आई दळत आहे. शेवटच्या ओवीत जाते तेच आहे, ओसरी तीच आहे. दळणारे कोणी नाही. बिंदू एकच, परंतु तेथे परतलेला माणूस तो नव्हता. हे मला तेव्हा दिसले नाही, कारण मी छंद तपासत होतो.

माझ्या जुन्या लेखांची नवी आवृत्ती निघावयाची आहे. त्या लेखातील शून्य मी खोडणार नाही. त्याच्याखाली अंतर तेवढे लिहावयाचे आहे.