मॅडम, मेरेकूच कायकू?

गॅदरिंगच्या तयारीचे दिवस होते. आठवीच्या वर्गाने मलिक अंबरवर छोटी नाटिका करायची ठरवली. लिहिली मीच, संवाद उर्दूत आणि निवेदन मराठीत. पात्रे वाटताना मी वर्गावरून एकदा नजर फिरवली आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलाला म्हटले, "तू मलिक अंबर." वर्ग हसला. थोडी मीही हसले, हे इथे लिहायलाच हवे.

दुसऱ्या दिवसापासून मुले त्याला 'हबशी' म्हणून हाका मारू लागली. चौथ्या दिवशी तो तालमीला आला नाही. स्टाफरूमच्या दाराशी मी त्याला गाठले, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मेरेकूच अंबर कायकू बनाए? अच्छा बोलता इसलिए? या काला हूं इसलिए?"

मी काय उत्तर दिले असेल? आपण सगळे जे देतो तेच. "अरे बेटा, हजरत बिलाल (रजि.) सुद्धा काळेच होते. इस्लाममध्ये रंगाला किंमत नाही." त्याने ऐकून घेतले, "जी मॅडम" म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नव्हते. खरे उत्तर होते, "काळा आहेस म्हणून."

वीस वर्षे शिकवते आहे. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात चांगले गुण होते. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी बघायला आलेल्या एका बाईंनी "लडकी अच्छी है, बस रंग जरा दबा हुआ है" असे म्हटलेले मला अजून शब्दाशब्दाने आठवते. तरीही माझ्या हातून हे घडले.

त्या रात्री मला डॅरेन सॅमीची गोष्ट आठवली. वेस्ट इंडीजला 2012 आणि 2016 असे दोन टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून देणारा हा कर्णधार. आयपीएलमध्ये खेळताना संघातले काही जण त्याला 'कालू' म्हणत. त्याला वाटायचे, या शब्दाचा अर्थ ताकदवान घोडा असा काहीतरी असेल. तोही सगळ्यांबरोबर हसायचा. मे 2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि जगभर चर्चा सुरू झाली. तेव्हा हसन मिन्हाज या भारतीय वंशाच्या मुस्लिम विनोदकाराने एका व्हिडिओत आपल्या घरांमध्ये काळ्या माणसांना काय म्हणतात ते सांगितले. तो पाहून सॅमीला 'कालू'चा अर्थ कळला. त्याने जुन्या सहकाऱ्यांना जाहीरपणे सांगितले की मला फोन करा, बोला, तुम्हाला काय म्हणायचे होते ते सांगा. एकाने फोन केला. दोघे बोलले. नंतर सॅमीने कळवले की त्या मित्राच्या मनात प्रेमच होते, आणि आता लोकांना समजावण्यावर भर देऊ. मला त्या फोनचे मोल वाटते. आपल्याकडे अशा वेळी साधारणपणे "मजाक में बोले थे" एवढ्यावर विषय संपतो.

आता 'हबशी' या शब्दाबद्दल. हा शब्द शिवी कधीपासून झाला? हबश म्हणजे अबिसिनिया, आजच्या इथिओपियाचा मुलूख. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांनी हिजरत केली ती मदिनेला नव्हे, हबशला. तिथल्या ख्रिस्ती राजाने, नजाशीने, त्यांना आसरा दिला. त्याच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्यासाठी गायबाना नमाज पढली. ज्यांनी आपल्याला दार उघडले त्यांचे नाव आपण पोरांना चिडवायला वापरतो!

चापू नावाचा मुलगा त्याच मुलखातला. लहानपणी गुलाम झाला, पुन्हा पुन्हा विकला गेला आणि दख्खनला पोहोचला. इथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझ खानही पूर्वीचा हबशी गुलामच होता. चापूचा मलिक अंबर झाला. जमिनीची मोजणी करून महसूल बांधला, गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले, 1610 च्या सुमारास खडकी वसवली आणि नहर-ए-अंबरीने तिला पाणी दिले. हीच खडकी पुढे औरंगाबाद झाली. त्याच्या हयातीत जहांगीर त्याला कायमचे नमवू शकला नाही. म्हणून बादशहाने एक चित्र काढून घेतले, जे आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात भाल्यावर अंबरचे कापलेले डोके आहे आणि जहांगीर त्यावर बाण मारतो आहे. अंबर तेव्हा जिवंत होता, 1626 पर्यंत होता! आत्मचरित्रातही जहांगीर त्याला काळतोंड्या म्हणून हिणवतो. तलवार चालत नाही तिथे रंग काढायचा, ही जुनीच रीत आहे.

आणि हजरत बिलाल (रजि.)? एक हदीस आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. तो माणूस बिलाल होते आणि शब्द 'काळीच्या पोरा' असे होते, असे अनेक कथनांत येते. प्रेषितांनी (स.) बिलालना "मनावर घेऊ नकोस" असे सांगितले नाही. ते अबू जर यांना म्हणाले की तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. ही हदीस मी किती वेळा शिकवली असेल, पण त्या दिवशी दारात मी नेमके उलटे केले होते. मुलाला समजावले आणि स्वतःला सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला मी वर्गात सांगितले की याला मी रंग बघून निवडले, ते चुकले. वर्ग गप्प. मग एकेक जण बोलू लागला. एक मुलगी म्हणाली, तिची खाला ती आली की आधी बेसनाचा विषय काढते. एकाने पुण्यात शिकणाऱ्या भावाचे सांगितले. त्याच्या मशिदीत सुदानचे दोन विद्यार्थी येतात. सफमध्ये खांद्याला खांदा लागतो. पण त्याच मोहल्ल्यात त्यांना खोली मिळाली नाही. "सब उनकू नायजेरियन बोलते, मॅडम. पूछते भी नहीं किधर के हैं." आपल्या घरातला गोऱ्या-काळ्याचा भेद आणि आफ्रिकेच्या माणसाला नाकारलेली खोली या दोन गोष्टी एकच नाहीत. एकीत लग्न अडते, दुसरीत माणसाचे माणूसपणच. हे मी मुलांना नीट समजावू शकले की नाही, माहीत नाही.

तो स्वतः त्या तासाला काही बोलला नाही. दोन दिवसांनी संहिता घेऊन आला. मी त्यात अंबरसाठी सगळीकडे 'परदेशी गुलाम' असे लिहिले होते. मुले हसतील म्हणून 'हबशी' शब्द मुद्दाम टाळला होता.

"मैं करता मॅडम, पर इसमें हबशी लफ्ज डालो. वो था ना हबशी."

गॅदरिंगला पहिल्याच प्रवेशात तो दरबारात उभा राहून म्हणाला, "मैं हबशी हूं." मागच्या खुर्च्यांवरून हसू आले, मोठ्यांचे. तो थांबला. हसणे संपेपर्यंत तिकडे बघत राहिला आणि मग तेच वाक्य पुन्हा, पहिल्यापेक्षा सावकाश म्हणाला.