नागोयाहून भिवंडीला

नागोया, सोमवार रात्री

ती. दादा,

सुखरूप पोचलो. कार्ड चाललं. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय वापर’ सुरू केला होता म्हणून. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड परदेशासाठी बंदच येतं, आपण सुरू करावं लागतं. पुढच्या महिन्यात तू पार्टीबरोबर येशील तेव्हा हे घरूनच करून निघ. भारतातला मोबाइल नंबरही चालू ठेव, ओटीपी त्यावरच येतो.

हॉटेलात मशीनने विचारलं, रुपयांत घेऊ की येनमध्ये? येन म्हण. रुपये म्हटलं की भाव मशीनवाल्यांचा लागतो, आणि तो कधीच आपल्या बाजूचा नसतो. येन म्हटलं तरी आपली बँक फुकट काही करत नाही. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्या साडेतीन टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे लाखाला 4,130 रुपये. सुताच्या कोनाला चार आणे कमी करण्यासाठी तासभर घासाघीस करणारे आपण, इथे मात्र मुकाट्याने देतो. तू येन भरलेलं फॉरेक्स कार्ड घे. भाव आधीच ठरतो.

नागोया, गुरुवार

जपान म्हणजे सगळं यंत्रावर, असं आपल्याकडे वाटतं. यंत्रावर आहेच, पण यंत्राला नोट लागते! दुपारी उदोनच्या दुकानात दाराशीच तिकिटाचं मशीन होतं. त्यात 1,000 येनची नोट घालायची, कार्डाला जागाच नाही. रोकड हवी तर सेव्हन-इलेव्हन दुकानातलं एटीएम आपलं कार्ड घेतं. गल्ल्यावरच्या माणसाच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, समोरच्या छोट्या ताटलीत ठेवायचे. सुट्टे पैसेही ताटलीतच परत येतात. आपल्या यूपीआयच्या भरवशावर इथे येऊ नकोस.

आज टोयोटाचं संग्रहालय पाहिलं. मागांचे संशोधक साकिची टोयोदा यांच्या जुन्या गिरणीच्या जागेवर आहे. मोटारी बघायला लोक येतात, मी मागापाशीच थांबलो. 1924 चा ‘जी’ माग अजून चालवून दाखवतात. माग न थांबवता धोटा बदलतो! त्याच्या पेटंटसाठी 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांचा करार केला. आपल्या भिवंडीत शांतीनगरच्या गल्लीत अजून धोट्याचेच माग खडखडतात आणि कांडी संपली की कारागीर हातानेच बदलतो, हे संग्रहालयातल्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना.

खिशातली 10,000 येनची नोट काढून पाहिली. साधारण साडेपाच-सहा हजार रुपये. जुलै 2024 पासून तिच्यावर शिबुसावा एइची यांचा चेहरा आहे. ओसाकाची मोठी सूतगिरणी उभी करणाऱ्यांतले हे. आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलचे जमशेटजी टाटा 1893 मध्ये जपानला येऊन यांना भेटले, आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन या जपानी कंपनीची मुंबई-कोबे बोट सुरू झाली, आपला कापूस स्वस्तात नेण्यासाठी. तोवर त्या मार्गावर पी अँड ओ वगैरे परदेशी कंपन्या मागतील तेवढं भाडं द्यावं लागे. भाड्याची ही घासाघीस करणाराच नोटेवर छापला आहे. माझ्या मते या नोटेपुढे आपण कापडवाल्यांनी एकदा हात जोडायला हरकत नाही.

ओसाका, रविवार

उद्या निघतो. तुझ्यासाठी एवढंच: हॉटेल, रेल्वेची मोठी तिकिटं कार्डाने, जेवण, देऊळ, छोटी दुकानं रोकडीने. नोटांत तीन हजार डॉलरपेक्षा जास्त परकीय चलन आणू नकोस, मर्यादा तेवढीच आहे. कुणी फॉरेक्सवाला भिवंडीत बिल न देता येन देतो म्हणाला, तर नको म्हण. पावती हवीच.

सुट्ट्या नाण्यांचं ओझं होतं. भोकाची 5 आणि 50 येनची नाणी पोरांना आवडतील, बाकीची इथेच खर्चून टाक. परत आल्यावर मनी चेंजर नोटा घेतो, नाणी घेत नाही.

तुझा,
धाकटा